तंबाखूच्या पुड्यांवरची जहाजं

भिंतीला चित्रं चिकटवायचा टेप कायम कमी पडायचा. किस्से मात्र भरपूर उरले.

हॉलंडमध्ये छापील चित्रांचा इतिहास शिकून मी परदेशातच स्थायिक झालेल्या आई-बाबांकडे बुकित बातोकला परतले, ती एक वेड घेऊनच. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी तिथले दुकानदार तंबाखूच्या आणि चहाच्या पुड्यांवर छापील चित्रं लावत. त्यांच्या प्रतींचं प्रदर्शन मला भरवायचं होतं. बाबांनी बजावलं, लोक आले तर ठीक. नाहीतर त्यांच्या ओळखीच्या साठेसाहेबांच्या बँकेत रुजू व्हायचं. मदतीला धावली आमची मराठी मंडळी. त्यांचे उपकार कुठे फेडू?

*

गोखलेकाका निवृत्त बँकर, उभा जन्म कर्जाचे अर्ज तपासण्यात गेलेला. पुड्यांवर जिकडेतिकडे शिडं फुगलेली जहाजं. मी कळकळीने सांगितलं, जहाज म्हणजे माल थेट समुद्रापारचा, मालक भरवशाचा. काका एकेक चित्र निरखून आले. म्हणाले, "बुडालेलं एकही नाही. म्हणजे ब्रोशरच की!"

*

चहाच्या पुडीवर ताडाखाली बसलेली चिनी माणसं. चित्रकाराने चीन पाहिलाच नव्हता, असं मी तावातावाने बोलले. मीनामावशीने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी चोआ चू कांगच्या आपल्या घरून आली ती स्वयंपाकघरातलं पाकीट घेऊन. आत कोल्हापुरी मसाला, वर ताजमहाल. आम्ही ते चहाच्या पुडीशेजारीच लावलं. सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघाले.

*

वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्रावरून दुकान ओळखायचं, यावर मी चार पानी भाषण लिहिलं होतं. मावशीच्या सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या. इथल्या इमारती एकसारख्या, पण मावशीच्या इमारतीवर मोठा अननस रंगवलेला. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कुणीतरी विचारलं, आजी, कुठे राहता?

"अननसात."

भाषण मी पिशवीत घातलं.

*

उद्घाटनाला साठेसाहेब आले ते नोकरीचं पक्कं करायलाच. बाबा बंदराजवळच्या हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसातून थेट आलेले, गळ्यात पास तसाच. ते एका चित्रापुढे थबकले. पुढे व्यापारी पाइप ओढत निवांत बसलेला, मागे गुलाम तंबाखूची पिंपं वाहताहेत. बाबांनी विचारलं, मागच्यांची नावं काय? मी म्हटलं, पुडीवर फक्त मालकाचं असतं. यांची मी शोधतेय.

थोड्या वेळाने बाबांनी साठेसाहेबांना हाताला धरून त्याच चित्रापुढे आणलं आणि सगळं समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी सावकाश. साठेसाहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ते झालं, पण मुलीला सोमवारपासून पाठवताय ना?

बाबांनी चित्रावरची नजर काढली नाही.

"नाही हो. ती कामात आहे."