आईचा उजवा हात

माझ्या माहेरी, कळसाडीच्या घरात, अंडं चालत नाही. चालत नाही म्हणजे अंगणातही चालत नाही. मी शहाद्याला सासरी अंडी खाते हे कळल्यापासून माहेरी माझं ताट वेगळं असतं. ते आईनंच वेगळं काढलंय आणि त्यात ती सगळ्यांपेक्षा जास्त तूप वाढायची, म्हणून मी कधी तक्रार केली नाही. मागे एकदा तिच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी अंडं खायला सांगितलं, तेव्हा मोठ्या काकांनी डॉक्टरच बदलला.

त्याच घराच्या ओट्यावर मी मुंडकं पिरगळलेलं कबूतर पाहिलं.

भावाचा फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी झाली होती. "मायले वारं लागनं," तो म्हणाला. "पन तू घाबरू नको, इलाज करी ऱ्हायनूत." लकव्याला आमच्याकडे वारं लागणं म्हणतात. सकाळी भाकरी थापताना आईचा उजवा हात परातीतच राहिला होता, तोंड वाकडं झालं होतं, बोलणं बोबडं. सकाळी! आणि मला कळवलं दुपारी, कारण उगाच काळजी नको. मी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि तशीच निघाले.

अंगण माणसांनी भरलेलं. आजारी माणसाला बघायला आलेल्यांचा चहा चालू. आई खाटेवर, आणि मोठे काका तिचा उजवा हात मांडीवर घेऊन त्याला कबुतराचं रक्त चोळत होते, खांद्यापासून बोटांपर्यंत, गरम गरम. काकू बशीत आणखी घेऊन उभी. रक्त नखांत गेलं होतं, बांगड्यांत गेलं होतं, आणि त्यावर माश्या बसत होत्या. आईला त्या हाताकडून मानही फिरवता येत नव्हती. ती नुसती डोळे मिटून पडली होती.

हे कबूतर शोधायला चुलतभाऊ मोटारसायकलवर तीन गावं फिरला होता. तेवढ्या वेळात नंदुरबार गाठून झालं असतं.

मी म्हटलं, तिला गाडीत घाला. काकांनी हात चोळणं थांबवलं नाही. "दवाखानामा सुई टोची का लकवा पक्का व्हई जास," ते म्हणाले. "तू शाळामा शिकाड, आठे शिकाडू नको." चहा पिणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाच्या मुलाला ताप आला तर तो रात्री-बेरात्री नंदुरबार गाठतो, हे मला माहीत होतं. मी भावाला म्हटलं, तू उचलतोस की मी एकटी ओढत नेऊ? तेव्हा कुठे तो उठला.

गाडीत आई डाव्या हातानं उजवा हात लुगड्याला पुसत होती. पुसायची, बघायची, पुन्हा पुसायची.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कधी झालं? भाऊ म्हणाला, सकाळी, चहाच्या वेळी. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं, म्हणाले, ती वेळ गेली. मग नर्सनं विचारलं, हाताला जखम कशी झाली? मीच सांगितलं, जखम नाही, रक्त कबुतराचं आहे.

मी घरच्या औषधांच्या विरुद्ध नाही. खोकला झाला तर मीही हळद-दूध पिते, पोट दुखलं तर ओवा चावते. पण तोंड वाकडं होणं, हात गळणं, जीभ जड होणं, यांतलं एक जरी अचानक दिसलं तरी गाडी काढायची, एवढंच कळायला हवं असतं. ते कळत नाही याचा मला राग येतो. आणि ज्यांना स्वतःच्या पोराच्या वेळी कळतं, त्यांची मला किळस येते.

आई आता काठी धरून चार पावलं टाकते. उजवा हात गेला तो गेलाच. बोलणं जवळपास नाही. ताट भावजय वाढते, माझंही.

दिवाळीत गेले तेव्हा पाहुणे बसले होते. आई उंबऱ्यापर्यंत चालत आली तसं काकूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "देखा, कबूतरना रगतनाच गुण उना." मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई माझ्याजवळ खाली बसली. तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. स्वच्छ, कोरडा हात. ओठ खूप वेळ हलले, मग शब्द आला.

"धव," ती म्हणाली.

मी पाणी आणलं आणि सगळ्यांसमोर तो धुतला.