बाजाराच्या दिवशी एक जिलबी

परीक्षानळीतले निळे द्रावण तिसऱ्या आठवड्यातही विटेच्या रंगाचे झाले, तेव्हा डॉ. खानझोडे ती नळी घेऊन स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

“बाई, तुमचा माणूस खातो आहे.”

“ते म्हणतात, पथ्य पाळतो.”

“सगळेच म्हणतात. कार्डावर लिहा, गोड पूर्ण बंद. प्रश्न मिटला.”

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ होते. पदवी घेऊन बरीच वर्षे झाली होती, पण नोकरीला लागले तेव्हा पस्तिशी उलटली होती. हे पद तिथे नवीनच होते. स्वयंपाकघरातले लोक मला तपासनीस समजत आणि रुग्ण ‘जेवणाच्या बाई’ म्हणत. चारचौघांत बोलणे मला जड जाई. त्यामुळे सांगण्यापेक्षा मी लिहून देत असे: पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, टपोऱ्या अक्षरांत, प्रत्येकाला वेगळे.

‘तुमचा माणूस’ म्हणजे देवरावजी. साठीला आलेले, राहणारे सावनेरजवळचे. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात कारकुनाने लिहिले होते, ‘व्यापार, बांगड्या’. त्यांना मधुमेह होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. साखर आटोक्यात नसेल तर जखम चिघळते, म्हणून नेत्रविभागाच्या सर्जनांनी अट घातली होती: नळीतला रंग निळा राहील त्या आठवड्यात शस्त्रक्रिया, त्याआधी नाही.

हा रंगांचा प्रकार थोडक्यात सांगते. बेनेडिक्ट नावाचे एक निळे द्रावण असते. त्यात लघवीचे काही थेंब टाकून ते उकळायचे. साखर नसली तर ते निळेच राहते. थोडी असली तर हिरवे होते, वाढली तर पिवळे, आणि फारच झाली तर विटेसारखे लाल. देवरावजींना ही परीक्षा फार पसंत पडली होती. “आमच्याच धंद्यातली हाय,” असे ते म्हणत. दुःख एवढेच की त्यांना स्वतःला आता निळा आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. मागच्याच महिन्यात त्यांनी एका नवरीच्या हातात हिरव्या चुड्याऐवजी निळ्या बांगड्या भरल्या होत्या, त्याही दोन्ही हातांत. नवरीच्या आईने भर अंगणात विचारले होते, “काहून गा देवराव, डोये घरी ठेवून आला का?” लग्नसराई दोन महिन्यांवर आली होती. तोवर डोळे झाले नाहीत, तर पुन्हा कोणी त्यांच्यापुढे हात धरणार नव्हते.

आता त्या कार्डाविषयी. ‘गोड पूर्ण बंद’ असे लिहायला माझा विरोध होता. जे पूर्ण बंद केले जाते ते चोरून खाल्ले जाते, असे मी शिकले होते आणि रुग्णालयात ते रोज पाहतही होते. म्हणून गोडाला एक ठरावीक, लहानशी जागा द्यावी, असे माझे मत होते. ती जागा कोणती, हे मी खेड्यांतून येणाऱ्या बायकांकडून जाणून घेतले. त्या सांगत, “आमच्या इकडं गोडधोड बाजाराच्याच दिवशी येते.” आठवडी बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. तेव्हा देवरावजींच्या कार्डावर मी लिहिले: ‘गोड फक्त बाजाराच्या दिवशी. एक जिलबी.’ पुस्तकातला नियम खेड्याच्या भाषेत आणल्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

“मला एक आठवडा द्या,” मी डॉ. खानझोड्यांना म्हणाले. मी त्यांच्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ असावी. तेही जरा चकित झाले आणि हो म्हणून गेले.

देवरावजी बाहेरच बाकावर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, कौसल्याबाई. चौथी शिकलेल्या, त्यामुळे कार्ड वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे होते. मी दोघांना आत बोलावले.

“काकाजी, खरे सांगा. गोड किती होते?”

“तुमी लिवलं तेवढंच, बाई. एक जिलबी. दुसरीले हात नाही लावला.”

“घरात?”

“घरात साखरच नाही आणत,” कौसल्याबाई म्हणाल्या. “च्या बी बिनसाखरेचा पेतेत. तोंड असं करतेत, पन पेतेत.”

“मग फक्त बाजाराच्या दिवशी?”

“फक्त बाजाराच्या दिवशी,” देवरावजींनी गळ्याला चिमटीत धरून शपथ घेतली.

काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, “बाजार कोणत्या वारी असतो?”

“कोन्ता?”

“म्हणजे?”

“कोन्ता बाजार म्हन्ता? सावनेरचा, का खाप्याचा? केळवदचा, का पाटणसावंगीचा? मोहप्याचा हाय, कळमेश्वरचा हाय. मी सारेच करून राहिलो ना. एक दिवस एक गाव.”

मी बोटांवर मोजले. “हे सहा झाले. सातव्या दिवशी?”

“सातव्या दिवशी माल घ्याले इतवारीत येतो. तो बी बाजारच हाय ना, बाई?”

सावनेरला काचेची कपाटे लावलेले त्यांचे दुकान मी इतके दिवस मनात पाहत होते. दुकान नव्हतेच. पाल होते, आणि ते रोज नव्या गावी उभे राहत होते. ज्या शहरातल्या वस्त्यांना इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिचरी अशी नावे आहेत, त्या शहरात आयुष्य काढूनही बाजारच करणाऱ्या माणसाचा आठवडा कसा असतो, हे मला सुचले नव्हते. देवरावजींनी एकही नियम मोडला नव्हता.

“मले तं वाटलं,” कौसल्याबाई म्हणाल्या, “हे जेवनाच्या बाई लई दिलदार हायेत.”

मग सातांतून एक बाजार निवडायचा प्रश्न आला. देवरावजी हवालदिल झाले. मोहप्याला ते मिठाईवाल्याच्याच ओट्यासमोर पाल टाकत. त्याच्याकडे खाल्ले नाही तर तो बोलणार नाही. खाप्याची जिलबी कुरकुरीत. कळमेश्वरला बालुशाही. मी म्हटले, घाई नाही. दोघे बाहेर बाकावर जाऊन बसले आणि तासभर बोलत होते. मधूनच “तू गप वं!” असे ऐकू येई. शेवटी ते आत आले आणि लग्न ठरवल्याच्या स्वरात म्हणाले, “केळवद.”

“का बरे?”

“तिथं चार दोस्त हायेत. एकट्यानं खाल्लेलं गोड लागत नाही.”

मी जुने कार्ड फाडले. नव्यावर लिहिले: ‘गोड फक्त केळवदच्या बाजारी.’ जिलबीचा आकडा पुन्हा लिहायचा मात्र राहून गेला.

पुढच्या आठवड्यात, केळवदच्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी, ते तपासणीला आले. नळी पुन्हा विटेच्या रंगाची. डॉ. खानझोडे दारातूनच माझ्याकडे पाहून निघून गेले.

“काकाजी, किती जिलब्या खाल्ल्या?”

देवरावजी छताकडे पाहू लागले.

“सांगा ना आता,” कौसल्याबाई म्हणाल्या. “पावशेर, बाई. दोस्त मोजून राहिले आन् हे खाऊन राहिले.”

“सहा दिवस मन मारून बसलो,” देवरावजी म्हणाले. “सहाही बाजार माह्या डोयासमोर कढया तापून राहिल्या. मंग सातव्या दिवशी आठवडा वसूल नको करू का? तुमी किती ते लिवलंच नव्हतं.”

त्यांचे म्हणणे खरे होते. तिसरे कार्ड लिहिताना मी खुर्ची पुढे ओढून कौसल्याबाईंना शेजारी बसवले. एकेक ओळ लिहायची आणि त्यांना वाचायला द्यायची.

“‘केळवदच्या बाजारी एक जिलबी.’ यातून पळवाट निघते का?”

“बालुशाही?”

“‘गोडाचा एक नग, कोणताही.’”

“लाडू असन तं? आमच्या इकडं नारळायेवढा वळतेत.”

“‘लिंबाएवढा.’”

“कागदी लिंबू लिवा. इडलिंबू बी लिंबूच असते.”

“‘कागदी लिंबाएवढा. पोटभर जेवल्यानंतर. त्या जेवणात एक भाकर कमी.’”

“आन् केळवदचा बाजार चुकला, तं त्या आठवड्याचं गेलं. पुढच्या खेपी दोन नाही. हे लिवाच, बाई. मी वळखतो याह्यले.”

देवरावजी असहायपणे ऐकत होते. “मले काई बोलू देसान का नाही?”

“नाही,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

डॉ. खानझोडे तेवढ्यात आत आले. त्यांनी कार्ड उचलले, दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारले, “हे पथ्य आहे की खरेदीखत?” पण खाली सही केली.

त्यानंतरच्या आठवड्यात रंग हिरवा आला. देवरावजींनी नळी खिडकीकडे धरली, फिरवून पाहिली आणि हळूच विचारले, “कोन्ता हाय?” मी सांगितले. ते नुसते ‘हं’ म्हणाले आणि नळी जपून स्टँडमध्ये ठेवली. त्याच्या पुढच्या आठवड्यात द्रावण उकळून झाले, तरी निळेच राहिले. नेत्रविभागाने तीन दिवसांनंतरची तारीख दिली.

शस्त्रक्रिया नीट झाली. जाड भिंगांचा चष्मा मिळाल्यावर देवरावजी मला भेटायला आले. बराच वेळ निरखून पाहत राहिले. मग म्हणाले, “बाई, तुमचा आवाज आयकून मले वाटे, तुमी रिटायर व्हाले आल्या असान. तुमी तं चांगल्या जवान हा!” त्यांचा लग्नाचा हंगाम सुरळीत पार पडला, असे पुढे कौसल्याबाईंनी कळवले. केळवद अजून चालू होते. बाकीच्या बाजारांत ते चणे खात.

काही दिवसांनी डॉ. खानझोडे म्हणाले, “बाई, मधुमेहाच्या रुग्णांसाठी एक ओळ लिहून द्या, गोड किती दिवसांनी चालते. छापून घेऊ, म्हणजे प्रत्येकाला वेगळे लिहायला नको.” मी ती दुपार त्यात घालवली. संध्याकाळी लिहून दिले: ‘आधी रुग्णाचा आठवडा विचारावा.’ “ही ओळ रुग्णासाठी नसून तुमच्यासाठी आहे,” असे म्हणून त्यांनी कागद परत केला.

रुग्ण सांगितलेले पाळत नाहीत, ही आमच्या व्यवसायातली कायमची तक्रार आहे. पुढच्या वीस वर्षांत मीही ती पुष्कळदा केली. देवरावजींनी मात्र माझे अक्षर न् अक्षर पाळले होते, आणि नेमके त्यामुळेच त्यांची शस्त्रक्रिया महिनाभर लांबली.