उत्तरदाती क्रमांक चार

अकोल्याच्या सभागृहात स्पीकरवर माझा आवाज वाजला. मी दाराशी उभी होते. हातात फायलींचा गठ्ठा. परिषदेला येणाऱ्या पाहुण्यांना मी त्या देत होते.

"तिनं हातानं दाखवलं, खाली बस. मी बसली. तिनं कैची घेतली न् माहे सारे केस कापले. मी म्हनलं, नोका कापू जी. नोका कापू."

सभागृह हसलं. पुण्याचे पाहुणे हसले, ते एक वेळ समजू शकते. पण अकोल्याचे, अमरावतीचे प्राध्यापकही हसले. घरी आपल्या आईशी हीच बोली बोलणारे.

मंचावर माझे सर होते. माझ्या लघुप्रबंधाचे मार्गदर्शक. त्यांच्या मागं पडद्यावर लिहिलं होतं: उत्तरदाती क्रमांक चार. ग्रामीण, अल्पशिक्षित, कुवेतहून परतलेली घरकामगार.

सर म्हणाले, "यांच्याकडे वेदना आहे, पण न्यायाची भाषा नाही. ती आपल्याला पुरवावी लागते."

टाळ्या.

मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्यांच्याच वर्गात. विषय, आंतरराष्ट्रीय स्थलांतराचं राजकारण आणि जागतिक न्याय. आणि मी अल्पशिक्षित.

भातकुलीजवळ आमचा भाजीचा मळा आहे. बारावीनंतर ओळखीच्या एका बाईबरोबर मी कुवेतला घरकामाला गेले. तीन वर्षं राहिले. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. जेवणात केस सापडला म्हणून तिनं माझे केस कापले. परत आले, बी.ए. केलं, मग रोज बसनं अमरावतीला येऊन एम.ए. लोक विचारतात, काहून गेली होतीस? परत येऊन शिकायला काहून बसलीस, हे कोणी विचारत नाही.

एकदा वर्गात सर सांगत होते की कामगाराचा पासपोर्ट मालकाला ठेवून घेता येत नाही. मी म्हणाले, "ठेवतात, सर." सगळा वर्ग वळून बघू लागला. तासानंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमच्याच लघुप्रबंधाला उपयोगी पडेल. मोकळेपणानं बोला."

मी बोलले. एरवी विद्यापीठात मी 'मला, तुला' जपून बोलायची. त्या दिवशी रडता रडता घरची बोली आली. केसांचं तर मी मायलाही सांगितलं नव्हतं. तिला म्हटलं होतं, तिथं गरमी लय, म्हणून कापले.

अकोल्यात मी तोंड उघडलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण नाही उघडलं. उरलेल्या फायली वाटल्या. परतताना गाडीत बडनेऱ्यापर्यंत सर खुशीत होते. म्हणाले, "तुमचं मटेरियल फार स्ट्राँग आहे."

मटेरियल. कुवेतमध्ये मला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. इथं नंबर दिला.

तिसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा बोलावलं. एक कागद पुढं केला. "लेख छापायचा आहे. संमतीपत्र लागतं. सही करा, तारीख मागची टाका."

मी कागद वाचला. उत्तरदातीला सर्व समजावून सांगितले असून तिने स्वेच्छेने माहिती दिली आहे. दोनदा वाचला.

"मी सही नाई करत."

"का?"

"तुमी मले विचारलं नाई, सर."

"अहो, तुमचं नाव कुठंच नाही त्यात."

"नाव नाई, आवाज हाये. माहा आवाज. पुसून टाका."

सरांचा चेहरा बदलला. "लघुप्रबंधावर सही माझीच लागणार आहे. लक्षात आहे ना?"

"हाये."

उठले. बाहेर येऊन जिन्यावर बसले.

विभागप्रमुखांकडे तक्रारीचा अर्ज दिला. त्या बाई होत्या. वाटलं, समजतील. त्या म्हणाल्या, "सर तुमचाच प्रश्न जगापुढं मांडताहेत. एवढं मनाला लावून घेऊ नका." मी अर्जाची पोच मागितली. दिली, तोंड वाकडं करून. सरांनी मार्गदर्शन सोडलं. रेकॉर्डिंग पुसलं की नाही, कोणी सांगत नाही. वर्गातल्या मुली आता चहाला बोलवत नाहीत. त्यांनाही मार्क हवेत.

घरी मायला सगळं सांगितलं. केसांचंही. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. "मले काहून नाई सांगतलं?" एवढंच म्हणाली. मग पुढची जुडी बांधायला घेतली.

नव्या मार्गदर्शकांना मी पहिलं प्रकरण दिलं. पहिलं वाक्य: मी तीन वर्षं कुवेतमध्ये घरकाम केलं. त्यांनी लाल रेघ मारून परत दिलं. "संशोधनात 'मी' चालत नाही. 'संशोधकाला असे आढळले' असं लिहा."

मला आढळलं नाही. मी तिथं फरशी पुसली.

वाक्य तसंच ठेवून पुन्हा दिलं. त्यांनी पुन्हा खोडलं. मुदत पुढच्या आठवड्यात संपते. सही मिळाली नाही तर वर्ष जाईल. जाऊ दे. पुढच्या वर्षी परत नाव नोंदवीन, परत लिहीन. पहिलं वाक्य 'मी'नंच सुरू होईल.