कोसा झाडावर असताना

वैनगंगेच्या काठावर मी डोंग्यात बसले तेव्हा बाबांनी माझं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "तिकडं हळू बोलजो, बाई." आणखी एक वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. मला दिसलं ते. त्यांनी ते गिळलं. डोंगा वल्हवणारा नात्यानं माझा भाऊच, पण त्यानंही नजर वर केली नाही. पलीकडे उतरल्यावर मी मागं वळून एक सणसणीत शिवी हासडली. नदी भरून वाहत होती, त्यामुळे ती अलीकडच्या काठाला पोचली की नाही, माहीत नाही. पोचली असावी अशी माझी आजही इच्छा आहे.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यामागून चांद्याला आलेल्यांनो, हे तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी लिहिते आहे. तुमच्यातले काही जण पोरांना सांगतात की गिरजाआत्या रागानं निघून गेली. रागावले की मी भांडते, निघून जात नाही. मला घालवलं होतं. का, ते ऐका.

पावसाळा लागला की आमच्याकडे ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे सोडतात. किडे पानं खाऊन वाढतात, मग स्वतःभोवती कोसा विणतात, आणि त्या कोशातून रेशीम निघतं. तोवर राखण करणाऱ्या पुरुषांची पाळणूक फार कडक. दाढी नाही, अंगाला तेल नाही, मासा नाही. आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरी मासा शिजत नसेल तर ओळखावं, कोसा झाडावर आहे. त्या रानात बाईनं पाऊल टाकायचं नाही. शिवाय किड्यांजवळ कोणी आवाज चढवायचा नाही. माझा आवाज जन्मापासून मोठा. लहानपणी रानाच्या कुंपणाबाहेर जरी हसले तरी बाबा म्हणत, "किडे दचकतेत, बाई. हळू."

लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा तापानं गेला आणि मी बाबांकडे परत आले. त्या पावसाळ्यात बाबांना हिव भरलं. राखणीचा वाटा मोठ्या बाबांचा आणि त्यांचा. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बियाणं बघायला दुसऱ्या गावी गेले होते. कावळे किड्यांवर तुटून पडले होते. गोधडीत कुडकुडत बाबाच मला म्हणाले, "गुलेल घे अन् जाय तू. नाई तं काईच नाई उरत." मी गेले. दिवसभर कावळे हाकलले, तोंडातून शब्द काढला नाही. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच गप्प दिवस.

आठवड्याभरात किडे मऊ पडले आणि डोकं खाली करून पानांना लोंबत मेले. ऊन आणि पाऊस आलटून पालटून झाला की असं होतं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण झाडाखाली माझ्या पायाचे ठसे सापडले. मोठ्या बाबांनी चार माणसं बसवली आणि विचारलं, "इले कोनं धाडलं रानात?" बाबा तिथंच बसले होते. ताप उतरला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जमिनीवरची एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करत बसले.

मीही नाव घेतलं नाही. बाबांनी स्वतः सांगावं, असा माझा हट्ट होता. चार माणसांनी मला गावाबाहेर काढलं. तो हट्ट मला महागात पडला, पण सोडला नाही.

मूल गावापर्यंत बैलगाडी, तिथून छोट्या रुळांची आगगाडी, आणि मी चांद्याच्या ठेसनावर उतरले. काम मागत फिरले. धानाच्या गिरणीवरच्या मुकादमानं मला खालून वर पाहिलं. म्हणाला, "बाई, तुह्या मांगं कोन हाय?" मी वळून पाहिलं. "कुत्रं हाय. ठेवता का त्याले कामावर?" गिरणीतल्या बाया हसल्या आणि काम गेलं. लाकडाच्या डेपोवर सांगितलं, जंगलातल्या बाया टिकत नाहीत, सणाला पळतात. मी म्हटलं, माझ्या सणाला कोणी बोलावणारच नाही, निश्चिंत राहा. तेही काम गेलं. हळू बोलले असते तर मिळालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हळू बोलायचंच होतं तर गाव काय वाईट होतं?

काम मिळालं ते गोल बाजारात, आणि आवाजानंच मिळालं. एक कोष्टीण टोपलीपुढे बसून कोसा घेत होती. सखूबाई तिचं नाव. घरचा माग, नवरा विणायचा, ही धागा काढायची. स्वभाव इतका गरीब की विकणारा देईल ते मुकाट उचलायची. वरचा थर चांगला होता. मी हात घालून खालचा एक कोसा काढला.

"याले भोक हाय. आतलं फुलपाखरू उडून गेलं. याचा धागा तुटकाच निघन. बाईले काऊन फसवतेस रे?"

"तू कोन वं मधात?"

"मी त्या फुलपाखराची मावशी."

बाजार गोळा झाला. मी टोपलीच उलटी केली. निम्मा माल फुटका निघाला. सखूबाई घाबरून माझा पदर ओढत होती, "चाल वं, चाल." घरी जाता जाता मी तिच्याशी सौदा केला. मी तुम्हाला पारखून कोसा आणून देते, तुम्ही मला धागा काढायला शिकवा आणि ओसरीवर झोपू द्या. ती म्हणाली, "सासूले विचारतो." सासू बहिरी होती. मला तिथंच कळलं की या घरात माझं जमणार.

कोसा राखेच्या पाण्यात उकळतात आणि उघड्या मांडीवर घासून त्याचा धागा वळतात. पहिले काही दिवस मांडीची साल निघाली. एक गोष्ट मात्र मनाला लागली. आमच्या गावानं पिढ्यानपिढ्या कोसा राखला, पण त्याचा धागा कसा दिसतो हे आमच्यातल्या कोणी पाहिलं नव्हतं. गावच्या एकाही बाईच्या अंगावर कोशाचं लुगडं नव्हतं. आमची टोपली डोंग्यात चढली की आमच्यापुरतं ती नदीत बुडाल्यासारखीच. चांद्यात मी त्या टोपलीचं पुढं काय होतं ते पाहिलं. अक्षरंही तिथंच शिकले, दुकानांच्या पाट्यांवरून.

हळूहळू सगळी कोष्टी आळी माझ्या डोळ्यांनी माल घेऊ लागली. चांदा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. सखूबाईची सासू वारली, ओसरीची खोली झाली. आणि एके दिवशी बाजारात मोठे बाबा दिसले. टोपल्या पुढं, पायांवर धूळ. त्यांना प्रत्येक कोष्टी एकच सांगत होता, "गिरजाबाईले दाखवा आधी." त्यांना माझ्यासमोर यावं लागलं.

"कोनाची वं तू?" त्यांनी विचारलं. जणू ओळखतच नाहीत.

"तुमच्या किड्यांची वैरीण. चहा घेता?"

चहा घेतला त्यांनी. माल चांगला होता. चांगल्या मालाला मी वाईट म्हणत नाही, मग तो वैऱ्याचा का असेना. "हा उचलतो," मी म्हटलं. "पन पुढच्या पावसात किडे झाडावर चढले का मी तुमच्या रानात येईन. सगळ्यायच्या समोर. नाई तं तुमचा कोसा या आळीत चढत नाई."

"अन् मेले तं?"

"तं तुमचं खरं. मंग मी कधी तोंड नाई उघडत."

सखूबाई घरी आल्यावर म्हणाली, "काऊन वं असा सौदा करतेस? आभाळ का तुह्या बापाचं हाय?" मला भीती वाटली नाही असं नाही. त्या वर्षी ऊन-पावसाचा खेळ झाला असता तर मी गावातून दुसऱ्यांदा आणि कायमची गेले असते, माझ्याच शब्दानं. पण सौदा केल्यावर मी मागं फिरत नाही.

पावसाळ्यात मी वैनगंगा उलटी ओलांडली. काट्यांच्या कुंपणाशी सगळं गाव उभं होतं. मोठे बाबा फाटकातून हलेनात. "सौदा ठीक हाय," ते म्हणाले, "पन एकदा किडे मेले, पुन्हा काऊन?" तेव्हा मागून बाबा आले. खूप वाकले होते. त्यांनी काट्याची फांदी स्वतः बाजूला ओढली, आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "येऊ दे तिले. तवाबी मीच धाडलो होतो."

 झाडांवरचे किडे पानं खात होते, त्याचा करकर आवाज तेवढा येत होता. मी बाबांच्या पाया पडले नाही. एवढी वर्षं ते वाक्य त्यांच्या तोंडात होतं आणि मी परक्याच्या ओसरीवर निजत होते. मी आत गेले, ऐनाखाली उभी राहिले आणि गावच्या बायांना नावानं हाका मारल्या. एकेकीला, माझ्या मूळ आवाजात. दोघी आत आल्या. बाकीच्या कुंपणाशीच थांबल्या.

त्या मोसमात कोसा भरघोस आला. मोठे बाबा अजून सांगतात की तो त्यांनी देवाला कोंबडा दिला म्हणून आला. सांगोत. मी त्यांच्याशी वाद घालते, आणि माल त्यांचाच घेते.

मला विचारतात, घर कोणतं मानतेस, चांदा की गाव? चांद्यात माझी खोली आहे. गावात एक फाटक आहे, जे माझ्यासाठी उघडावं लागलं. मी दर पावसाळ्यात जाऊन ते उघडं आहे ना, हे बघून येते. ज्याला हे घर वाटत नसेल त्यानं मला घर शिकवू नये.

बाबांनी काट्याची फांदी ओढली त्या दिवशी परत निघताना डोंगा मध्यावर आला होता. काठावरून हाक आली. बाबा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते, जन्मभर हळू बोललेला माणूस. "गिरजे! माल लवकर उचलजो वं!"

मी डोंग्यात उभी राहिले. भाऊ म्हणाला, "बस वं, डोंगा उलटन." मी बसले नाही.

"उचलीन!" मी ओरडले. "पन फुटका एक नाई घेणार!"

या वेळी ऐकू गेलं. अख्ख्या गावाला.