काठाला धरा!

बाबासो चौगुले म्हणजे कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात काढली, पण कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांचा सगळा आवाज घरात, जमवलेल्या जुन्या नाण्यांसाठी राखून ठेवलेला होता.

त्यातही एक राणीछाप रुपया त्यांचा जीव की प्राण. टांकसाळीतून निघाल्यापासून तो बाजारात फिरलाच नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी बाबासोंनी चालू स्कूटर विकून तो घेतला आणि तेव्हापासून शाहूपुरीत पायी हिंडतात. रुपया बघायचा तर आधी साबणानं हात धुवायचे, खडखडीत कोरडे करायचे, मग सुती हातमोजे. खाली मऊ टॉवेल, निसटला तरी आपटू नये म्हणून. धरायचा तो दोन बोटांत, कडेनं. राणीच्या तोंडाला बोट लागलं की घामाचा ठसा कायमचा. नाण्यावर वाकून बोलायचंही नाही, थुंकी उडते. आणि घासणं तर महापाप! ‘काठाला धरा!’ ही त्यांची आरोळी गल्लीला पाठ होती. ते भाकरीसुद्धा काठाला धरून खातात, असं शेजारच्या बाळाबाई शपथेवर सांगायच्या.

बायकोला, पद्मावतींना, तर त्या रुपयाला हात लावायची बंदीच. पहिल्या दिवाळीला त्या बिचाऱ्या चिंचेचा कोळ घेऊन आल्या होत्या. “जरा उजळून देतो, पूजेला ठिवूया.”

“अगं ए! नाणं हाय का तांब्या? परत खोलीत पाय ठेवलास तर बघ!”

हे पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं. पद्मावतींनी परत पाय ठेवला नाही. चहा झाल्याचं उंबऱ्यावरनं सांगायच्या, आणि दर दिवाळीला तिथूनच विचारायच्या, “औंदा तरी?” उत्तर ठरलेलं.

यंदा नाणेसंग्राहकांनी मंगल कार्यालयात प्रदर्शन भरवलं. बाबासोंचा रुपया मधोमध, कुलपाच्या काचपेटीत. मागं फलक: ‘नाण्यांना हात लावू नये’. उद्घाटनाला पृथ्वीराजदादा. गेल्या तीन निवडणुका दादा फलकांवर ‘भावी नगरसेवक’ आहेत. ते दोन तास उशिरा, वीस कार्यकर्ते घेऊन आले. फेटा झाला, शाल झाली, नारळ फुटला. तेवढ्यावर भागावं की नाही? पण निवेदिका क्रांतीताईंच्या अंगात उत्साह मावेना. “आता दादांच्या शुभहस्ते नाणेपूजन!”

काच आहे, कुंकू काचेला लागेल, अशी बाबासोंनी मनाची समजूत घातली. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, “काच चमकालीय, उघडा की!”

किल्ली बाबासोंच्या करगोट्याला. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. दादा म्हणाले, “काय पावणं, उघडताय न्हवं?” नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं, “व्हय व्हय, उघडतो की सायेब!” भर सभेत सदरा वर करून त्यांनी किल्ली काढली आणि पेटी आपल्या हातानं उघडली.

दादांनी रुपया मुठीत घेतला, पाणी शिंपडलं, राणीच्या गालावर ओल्या हळदीकुंकवाचं बोट ओढलं. मग फोटोसाठी वर धरला. “काळा दिसतोय ह्यो,” म्हणत फेट्याच्या जरीच्या शेमल्यानं खसाखसा घासला. टाळ्या पडल्या. बाबासोंनीही वाजवल्या, हातमोजे घातलेल्या हातांनी, त्यामुळं आवाज आला नाही. पद्मावती बायकांच्या रांगेत बसून सगळं बघत होत्या.

घरी येऊन बाबासोंनी रुपया टेबलावर ठेवला. राणीच्या गालावर तांबडा डाग आणि मानेवर बारीक ओरखडे, आता जन्मात न जाणारे. त्यांना रडू फुटलं. उंबऱ्यावर पद्मावती उभ्या होत्या.

“ये आत,” ते म्हणाले. “घे हातात. आता काय ऱ्हायलंय त्यात.”

पद्मावती मोरीत गेल्या. साबणानं हात धुऊन, कोरडे करून आल्या. हातमोजे चढवले, टेबलावर टॉवेल अंथरला. दोन बोटांत, अगदी काठाला धरून त्यांनी रुपया उचलला, दोन्ही बाजू डोळे भरून पाहिल्या आणि अलगद खाली ठेवला. तोवर तोंडातून शब्द नाही.

“कुणी शिकवलं?” बाबासो बघतच राहिले.

“एकतीस वर्सं उंबऱ्यावरनं बघतोय की.” त्यांनी हातमोजे काढून नीट घडी घातली. “एवढा मोठा आवाज हाय तुमचा. आज तिथं कुठं गेलता?”