चांगुणाची सतरावी नोंद

बेंबळी गावाच्या पुढं, मुरमाड माळावर खांब रोवून तारा ताणल्या गेल्या, तेव्हा लोकांना वाटलं, मेंढरांचा वाडा होतोय. मग कळलं की पुण्याची कुठलीशी संशोधन संस्था इथं आभाळ ऐकणार आहे. चांगुणाची सासू जाईबाई म्हणाली, "आभाळ दोन वर्सं झाली एक शबुद बोललं न्हाय. ह्येंला काय ऐकू येणार?"

सन शहाऐंशीचा तो दुष्काळ. चांगुणाचा नवरा मच्छिंद्र साखर कारखान्याच्या ट्रकवर क्लीनर होता, महिना महिना घरी येत नसे. चांगुणा मॅट्रिक पास, पण रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होती. तिथं एक दिवस चष्मा लावलेला माणूस आला आणि मुकादमाला म्हणाला, "शिकलेलं आणि नजरेचं पक्कं कुणी आहे का?" हे गोपाळकृष्ण सर, मूळचे तुळजापूरचे, माळावरच्या केंद्राचे प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, ते आणि एक वॉचमन.

सरांनी चौघांपुढं कागदाची लांबच लांब पट्टी पसरली. तिच्यावर शाईची एक थरथरती रेघ होती. "ह्या रेघेत उंचवटे किती?" कुणी बारा म्हणालं, कुणी पंधरा. चांगुणा पट्टीवर ओणवी झाली, रेघेवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेली, मग म्हणाली, "तीन हायेत. चौथ्याची खात्री न्हाय."

सरांनी तिलाच घेतलं.

काम असं होतं. आभाळात काही ठिकाणं अशी आहेत की तिथून रेडिओच्या लहरी येतात. डोळ्याला तिथं काही दिसेलच असं नाही. पृथ्वी फिरते, ते ठिकाण तारांवरून सरकत जातं, आणि खोलीतल्या यंत्राची लेखणी कागदावर जराशी वर उचलून पुन्हा खाली येते. मोठे उंचवटे जगात सगळ्यांच्या यादीत आहेत. केंद्राचं काम होतं बारीक उंचवटे हुडकायचं, जे रेघेच्या थरथरीतच हरवून जातात. तांदळातला काळा खडा आंधळाही काढील. पांढरा खडा काढायचा होता.

खरं-खोटं ओळखायची एक खूण सरांनी पहिल्याच दिवशी सांगितली. "मोटार, गिरणी, मोटरसायकल, ह्यांच्या ठिणगीनंसुद्धा लेखणी हलते. पण माणसाचं सगळं घड्याळावर चालतं. आभाळ रोज चार मिनिटं लवकर येतं. आज पाचला दिसलेला उंचवटा उद्या चार छप्पनला आला, परवा चार बावन्नला, तर तो आभाळातला. रोज पाचलाच आला, तर माणसाचा."

चांगुणाला ते इतकं आवडलं की तिनं सासूला सांगितलं. जाईबाई म्हणाली, "चार मिंटं लवकर? मग सुनंपरीस आभाळ बरं."

हिवाळा सरता सरता सोळा नोंदी झाल्या. सगळ्या आधीच्या कुणाच्या ना कुणाच्या यादीत निघाल्या. मार्चात तारांचा कल बदलून आभाळाचा नवा पट्टा लावला, आणि बारा दिवसांच्या कागदांत चांगुणाला एक बुटका, गोलसर उंचवटा सापडला. पहिल्या दिवशी पहाटे चार पंचावन्नला. मग चार एक्कावन्न, चार सत्तेचाळीस. एखाद-दुसरं मिनिट इकडंतिकडं, पण चाल आभाळाची. जुन्या कुठल्याच यादीत तो नव्हता. सरांनी सगळी पुस्तकं तीन तीनदा उलटली आणि रजिस्टरात आपल्या हातानं सतरावी नोंद केली. पुढं लिहिलं: वाचन, चांगुणाबाई.

"बाई, एप्रिलच्या दहा तारखेला यादी पुण्याला जाईल," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर जूनमध्ये केंद्र गुंडाळायचं चाललंय. नवं काही सापडत नाही म्हणतात. आता सापडलंय."

चांगुणा त्या दिवशी घरी उडतच गेली. रात्री बुद्धवंदनेला बसली तरी मन रजिस्टरावरच. जून आला तरी खडीवर जायला लागणार नाही, एवढंच डोक्यात.

एक गोष्ट तेवढी तिला टोचत होती. बारा दिवसांतल्या दोन दिवशी, सातव्या आणि आठव्या, रेघ सपाट होती. सर म्हणाले, "अशक्त उंचवटा आहे, एखाद्या दिवशी बुडतो थरथरीत." पण थरथर त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी होती. ते कागद ती पुन्हा पुन्हा काढून बघायची. सोमवार आणि मंगळवार.

मग एका सकाळी टाकीवर घागर लावताना जाईबाई शेजारणीशी बोलत होती. "बिराप्पा जत्रंला गेल्ता तवा दोन दिस कसं हाल झालं. हिचा खांदा अजून दुखतुया, ओढ्यातल्या झिऱ्यावरनं पाणी आणून."

चांगुणानं आपली घागर खाली ठेवून बोटांवर दिवस मोजले. झिऱ्यावरून पाणी आणलं ते दोन दिवस सोमवार आणि मंगळवार होते.

वस्तीची पाणी सोसायटी होती. सगळ्यांनी मिळून एक विहीर आणि रॉकेलवर चालणारं एक जुनं इंजिन घेतलं होतं. बिराप्पा धनगर ते चालवायचा. दुष्काळात मेंढरं विकली गेली तेव्हा सोसायटीनं त्याला हे काम दिलं. रातभर विहीर पाझरायची, पहाटे तो आठ-दहा मिनिटं इंजिन लावायचा, तेवढ्यात तळ लागायचा, आणि उजाडल्यावर बाया टाकीवर यायच्या. इंजिन टेकडीआड, केंद्रापासून मैलभर.

पण मैलभरावरचं इंजिन घड्याळावर चालायला नको का? ते रोज चार मिनिटं आधी कसं येईल? एवढ्याच आशेवर ती बिराप्पाकडं गेली. तो विहिरीच्या कडेला दोर वळत बसला होता.

"तात्या, इंजिन किती वाजता लावता?"

"वाजता म्हंजी?"

"घड्याळात किती होत्यात?"

"घड्याळ कुणाच्या बाच्यात हाय? विंचवाचं तांबडं काळीज त्या बाभळीच्या शेंड्यावर आलं, की चाक फिरवायचं. पंधरा-वीस दिसांनी विंचू लई लवकर याया लागला, की दुसरी चांदणी धरायची. मेंढरं बी तसंच उठवत व्हतो."

चांगुणा तिथंच दगडावर टेकली. पुण्या-मुंबईत, साऱ्या जगात माणसाचं इंजिन घड्याळावर चालत असेल. हे एक इंजिन चांदणीवर चालत होतं. तिची सतरावी नोंद दहा मिनिटं पाणी उपसून बंद व्हायची.

"काय झालं गं? तोंड का पाडलंस?"

तिनं त्याला सगळं सांगितलं. तो वळलेला दोर मांडीवर ठेवून ऐकत राहिला.

"आन् ह्ये सायबाला कळलं तर?"

"नोंद जाईल. जूनात केंद्र जाईल."

"मग म्या कुणाला सांगनार न्हाय. तू बी गप र्‍हा."

"तुमचं इंजिन आभाळाच्या यादीत जाऊन बसलंय, तात्या. उद्या कुणी परदेशातला मानूस त्या जागी दुर्बीण लावंल आन् हुडकत बसंल."

बिराप्पा हसला. "आमचं इंजिन जवळ असून आमाला सापडत न्हाय कधी कधी, सुरूच व्हत न्हाय. त्याला कवा घावायचं?" मग गंभीर होऊन म्हणाला, "काय करू सांग."

"आठवडाभर इंजिन ऊन पडल्यावर लावा."

"बाया मला टाकीत बुडवतील."

"बायांशी म्या बोलते."

बायांशी बोलणं सोपं गेलं नाही. एकीनं विचारलं, "तुज्या कागदासाठी आमी कामावर उशिरा जायचं व्हय?" जाईबाईच पुढं झाली. "सा दिस दे गं. माझी सून पैल्यांदा काय मागती तर." तिनं असं का केलं, ते तिचं तिला माहीत. घरी मात्र म्हणाली, "यादीतनं नाव गेलं तर रडत बसू नगंस. खडीला म्या बी येईन संगं."

चांगुणानं सरांना सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चांदणी बघून?" एवढंच म्हणाले. मग तारांचा कल आणखी सहा दिवस त्याच पट्ट्यावर ठेवायचं ठरवलं, पुढचा पट्टा राहिला तरी चालेल म्हणून.

पहिल्याच दिवशी निकाल लागला. उंचवटा सकाळी साडेसहाला, बिराप्पाच्या नव्या वेळेला. आभाळानं त्याला कधी हात लावलाच नव्हता. चांगुणानं तांबड्या शाईची दौत स्वतः मागून घेतली आणि सतराव्या नोंदीवर रेघ मारली.

तरी सहा दिवसांचे कागद वाचायचं काम होतंच. शेवटच्या दिवशी तिनं ते खिडकीच्या काचेला लावले, एकावर एक, आभाळाची चाल धरून, दर कागद चार मिनिटं सरकवून. मागून ऊन येत होतं. थरथर प्रत्येक कागदाची वेगळी, एकमेकींना खोडणारी. पण पूर्वी इंजिनाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी सगळ्या रेघा मिळून जराशा वर उचलल्यासारख्या दिसत होत्या. पहिल्या उंचवट्याचा पाव भागही नसेल तेवढं.

तिनं सरांना हाक मारली नाही. एकदा फसलेल्या नजरेवर तिचा भरवसा नव्हता. तिनं सहाही कागद वेगवेगळे वाचून खुणा आपल्या वहीत केल्या, वही मिटली, आणि खुणा न केलेले कागद सरांच्या टेबलावर ठेवले. "सर, तुम्ही वाचा. मी काय वाचलं ते मागनं सांगते."

सरांना दुपार लागली. सहापैकी चारांवर त्यांनी खूण केली. चांगुणाच्या वहीत पाच होत्या. चार सारख्या.

"हे आहे असं म्हणता येत नाही," सर म्हणाले.

"न्हाय असंबी म्हणता येत न्हाय."

त्यांनी रजिस्टरात अठरावी नोंद केली आणि पुढं प्रश्नचिन्ह घातलं. सतरावीच्या शेऱ्यात सविस्तर लिहिलं: पाणी सोसायटीचं इंजिन, चालक बिराप्पा, वेळ चांदणीवरून. यादी तशीच, तांबड्या रेघेसकट, पुण्याला गेली.

महिनाभर काही आलं नाही. मे महिन्यात पत्र आलं. काचेवर लावलेले ते सहा कागद मूळचेच पाठवा, असं त्यात होतं. आणि तोच पट्टा दिवाळीपर्यंत वाचत राहा, वाचन त्याच बाईंनी करावं.

चांगुणा पत्राची हकीकत सांगायला विहिरीवर गेली. बिराप्पाला पत्रात रस नव्हता. त्याला आपलं नाव खरंच रजिस्टरात आहे का, हे हवं होतं. तिनं शेरा जसाच्या तसा म्हणून दाखवला. त्यानं दोनदा म्हणायला लावला.

"आन् ते दुसरं? बारकं?"

"त्याचं अजून ठरायचंय, तात्या."

"मग ठरस्तवर म्या उन्हातच लावतो," बिराप्पा म्हणाला आणि चाकाला हात घातला. "बायांना काय सांगायचं ते तुज्या सासूवर सोड."