खाली बघणारे डोळे

"आखणी आबाच करणार ना गो? नायतर माझा पाट परत दे."

वसंततात्या दारातच उभे होते. चपलाही काढल्या नव्हत्या.

रत्नागिरीजवळ आमची गणपतीची शाळा आहे. शाळा म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. इथे गिऱ्हाईक घरचा लाकडी पाट आधी आणून देतं आणि त्याच पाटावर त्याची मूर्ती घडते. त्यामुळे पाट परत नेणं म्हणजे नुसती ऑर्डर कॅन्सल करणं नव्हे, तो संबंध तोडणं असतं. तात्यांचा पाट गेला असता तर त्यांच्या वाडीतले बाकीचे पाटही गेले असते. शाळा त्या वाडीवरच चालायची.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या हिवाळ्यात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत होतं, पण उजवा हात थरथरायचा. माती, फिनिशिंग, रंग, स्प्रे गन हे सगळं मी आधीपासून करत होते. आखणी तेवढी आबांची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते सगळ्यात शेवटी करतात आणि तिथे ब्रश घसरला तर रंगकाम पुन्हा पहिल्यापासून.

"आखणी मी करणार," मी म्हटलं.

"बाईच्या हातची?"

"सोंड कित्येक वर्षं बाईच्याच हातची आहे, तात्या. ती चालली?"

तात्या जायला वळले. "आखणीच्या दिवशी येईन. नाही पटली तर पाट नेणार," एवढं बोलून गेले.

मी जुन्या कौलांवर सराव सुरू केला. आबांच्या मूर्ती समोर ठेवून डोळे उतरवत होते. चांगले जमले तेव्हा कौल आबांना दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने ओला फडका उचलला आणि पुसून टाकलं.

"हे माझे डोळे आहेत."

"कस्टमरला तेच हवेत."

"मी माझ्या बापाचे काढले नाहीत. तू माझे काढायचे नाहीस."

मला राग आला. गिऱ्हाईक जाण्याच्या बेतात आणि यांचं हे! पण ते ऐकेनात. मी आणलेलं प्रत्येक कौल पुसलं जाई. शेवटी मी विचार केला, माझं असं काय आहे? लहानपणापासून मी मूर्ती ठेवायच्या फळीखाली जमिनीवर बसून रंग घोटले. मूर्ती मला कायम खालून दिसायची. आबांनी रेखलेले डोळे सरळ बघत. खाली बसलेल्याच्या डोक्यावरून नजर जायची. मी पापणी थोडी उतरवली, बुबुळ खाली आणलं. ते कौल आबांनी बराच वेळ हातात धरलं. पुसलं नाही.

आखणीच्या दिवशी तात्या आले आणि आबांना म्हणाले, "नुसता ब्रशला हात तरी लाव."

"माझ्या पहिल्या आखणीला तुझा बाप मूर्ती इथेच उतरवून पाट काखोटीला मारून चालता झाला होता. पुढच्या वर्षी तूच परत आणलास. आठवतं?"

तात्या बाजूला सरकले. मी ब्रश उचलला आणि दोन्ही डोळे रेखले.

"नजर खाली गेली हो," तात्या म्हणाले.

"घरी पूजेला उभे राहता का? बसून बघा," मी म्हटलं.

गुडघे धरत, कुरकुरत ते जमिनीवर बसले. मूर्तीकडे बघत राहिले.

"आबा, तुझा गणपती माझ्याकडे कधी बघत नव्हता रे."

"तुझ्यात बघण्यासारखं काय होतं?"

तात्या हसले. पाट राहिला.

वाडीतल्या एका घराने मात्र पाट नेला तो नेलाच. बाकीचे टिकले, शाळाही टिकली.

आता माझी मुलगी आखणी शिकते आहे. परवा तिने कौलावर डोळे काढून आणले. अगदी हुबेहूब माझे. कस्टमरनाही तेच हवे आहेत.

मी ओला फडका उचलला.